आण्णाच्या तोंडावरची लाली

पाहुण्यांची जीप गल्लीच्या कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, तसा मी घरात आलो, दार लोटलं आणि आण्णाच्या कानाखाली ओढली.

थोरल्या भावावर हात टाकायची माझी ती पहिलीच वेळ. भूपाल मगदूम, आमचा आण्णा, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. पुढं मला त्यानंच वाढवलं, सायकलच्या नळीवर बसवून हायस्कूलला सोडलं. त्या दिवशी तो सोप्यात भिंतीला टेकून बसला होता. तोंड लालभडक. गळ्यापासून छातीपर्यंत चट्टेच चट्टे. पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी झालेल्या, आणि छातीतून शिट्टी वाजावी तसा श्वास.

पाहुणे त्याच्या लेकीला, समताला, बघायला आले होते. पोहे झाले, चहा झाला. बोलणी सुरू होणार एवढ्यात आण्णाचं तोंड असं पेटलं. तो खांबाला धरत उठला आणि धडपडत परसाकडं पळाला. मुलाच्या मामानं माझ्याकडं बघितलं. "दिवसाढवळ्या?" एवढंच म्हणाला. मग सगळ्यांनी चपला घातल्या.

"शीतल, मी पिलेलो न्हाई," आण्णा म्हणाला. शीतल म्हणजे मी. आमच्या जैनांत हे नाव पुरुषाचंही असतं. "आईची शपथ. मला जेवलं की आग लागती तोंडाला. किती वेळा सांगू?"

मी दुसरी ओढली. तो आडवा झाला तशी कमरेत लाथ घातली. समता किंचाळली. राजमती वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. ती मधे आली नाही.

तिनं मधे यावं असं आण्णानं पूर्वी काही ठेवलंही नव्हतं. त्याच्या दारूची पाच वर्षं तिनं काढली होती. त्यानं फेकलेल्या पळीची खूण तिच्या भुवईवर अजून आहे. मग गावात मुनिमहाराज आले होते तेव्हा त्यांच्यापुढं आण्णानं नियम घेतला आणि दारू सोडली. दोन वर्षं घर घरासारखं राहिलं. आणि मग हे तोंड लाल होणं सुरू झालं. कधी जेवल्यावर, कधी कुणाशी वाद झाल्यावर, कधी काहीच न होता. अंगाला खाज, धाप, दिवसातून चार-पाचदा परसाकडं पळणं. गावातल्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या, खाजेच्या दिल्या. गोळ्या खाऊन पण तोंड लाल. लोक हसायला लागले. देवळात शेजारी कुणी बसेना. त्यातच एक दिवस मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या पेटीमागं, वहिनीला अर्धी बाटली सापडली. त्यानंतर आण्णाचं कुणीच ऐकून घेतलं नाही.

पाहुणे गेले त्याच दुपारी मी फोन लावला. सांगलीच्या पुढं, हायवेला लागून पत्र्याच्या शेडात एक व्यसनमुक्ती केंद्र होतं. चालवणारा जगदाळे, स्वतः एके काळचा दारुडा. सगळे त्याला सर म्हणायचे. तासाभरात त्याची चार माणसं गाडी घेऊन आली.

आण्णानं त्यांना बघितलं आणि मागच्या दारानं पळाला. शेणाच्या खड्ड्याजवळ आम्ही त्याला गाठलं. एकानं मानेत हात घातला, दोघांनी दंड धरले. तो लाथा झाडत होता. एक लाथ माझ्या हनुवटीवर बसली, तोंडात रक्त आलं. मग मी त्याच्या पायांवर बसलो आणि टॉवेलनं ते बांधले.

"शीतल," तो खालून म्हणाला, "तू तरी बघ की रं लेका. वास घे माझ्या तोंडाचा. घे वास!"

मी वास घेतला नाही. आम्ही त्याला उचलून गाडीत टाकला. गल्लीतले लोक दारात येऊन बघत होते.

केंद्रात जगदाळेनं माझ्यापुढं एक छापील कागद ठेवला. मी न वाचता सही केली. "महिनाभर भेट नाही," तो म्हणाला. "घरच्यांना बघितलं की पेशंट ढिला पडतो. काही लागलं तर मी फोन करेन."

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. मी मळ्यात होतो. दोन मिनिटं बोलणं झालं. घरी आल्यावर वहिनीनं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की आण्णा बरा आहे, जेवतोय.

नवव्या दिवशी सकाळी वहिनीनं त्याचे धुतलेले कपडे पिशवीत भरले आणि माझ्या भाजीच्या टेंपोत येऊन बसली.

"भेट देत न्हाईत, वहिनी," मी म्हणालो.

"भेटायचं कुठं म्हणते? कपडे देते आन् लांबनं बघते. नवरा हाय माझा. चला."

भाजीची क्रेट उतरवून मी टेंपो काढला. अकराच्या सुमाराला पोचलो. पत्र्याचं फाटक, आतून साखळी. झडप उघडून एका माणसानं बाहेर बघितलं. "पिशवी द्या आणि जा," म्हणाला. वहिनी पिशवी देत होती, तेवढ्यात आतून एक आवाज आला. कपडा दगडावर आपटल्यासारखा. आणि त्याच्या पाठोपाठ पुष्कळ माणसं एका सुरात ओरडली, "एकवीस!"

वहिनी थांबली.

पुन्हा तोच आवाज. "बावीस!" आणि मग एकटा, फाटलेला गळा, "पिलो न्हाई! पिलो न्हाई मी!"

आवाज आण्णाचा होता.

वहिनीनं दोन्ही हातांनी फाटक बडवायला सुरुवात केली. झडप बंद झाली. आत तेविसावा पडला. मी टेंपोत बसलो, चाळीस-पन्नास फूट मागं घेतला आणि वहिनीला बाजूला व्हायला ओरडलो. पहिल्या धडकेत साखळी ताणली. दुसऱ्या धडकेला कडीसकट तुटली, फाटकाचं एक दार निखळून आत पडलं आणि टेंपोची काच फुटून माझ्या मांडीवर आली.

शेडात तीस-एक माणसं रांगेनं मांडी घालून बसली होती. त्यांनाच मोजायला लावलं होतं. पुढं लोखंडी खांबाला आण्णाचे हात नायलॉनच्या दोरीनं वर बांधलेले. अंगात फक्त चड्डी. पाठ, मांड्या, पोट, सगळीकडं काळेनिळे पट्टे. त्याच्या बाजूला एक दांडगा माणूस पिठाच्या गिरणीचा पट्टा हातात घेऊन उभा, आणि खुर्चीवर जगदाळे.

आण्णानं मान वळवली. तोंड लालभडक होतं. चट्टे गळ्यावरून खाली उतरले होते. पापण्या सुजलेल्या. छातीतून तीच शिट्टी.

जगदाळे उठून म्हणाला, "बघा, बघा त्याचं तोंड. आत राहून पितो हा. माझी पोरं फोडलीत यानं, बाटली आणवतो. कबूल करत नाही तोवर..."

वहिनी त्याच्याकडं बघतही नव्हती. ती आण्णाच्या समोर उभी होती. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, नाक त्याच्या ओठांपाशी नेलं आणि वास घेतला.

मग ती माझ्याकडं वळली. "नऊ दिवस कुलपात हाय, भावजी," ती म्हणाली. "आता कुठनं पिला?"

दांडग्या माणसानं तिच्या दंडाला धरून तिला मागं ओढलं. मी टेंपोतून जॅकचा दांडा घेऊन आलो होतो. तो मी त्याच्या मनगटावर घातला. पट्टा पडला. जगदाळे माझ्या अंगावर आला. त्याच्या हातावर दांडा बसला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तो गुडघ्यावर बसला आणि ओरडायला लागला.

"मला काय मारतोस? तूच सांगितलंस की! फोनवर विचारलं न्हवतं मी तुला? कडक करू का म्हणून? काय म्हणालास? बाई, विचारा तुमच्या दिराला! हाडं मोडा पण कबूल करून घ्या, असं म्हणाला हा!"

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग खाली पडलेला पट्टा उचलून तिनं जगदाळेच्या तोंडावर मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. कुणी मोजलं नाही. रांगेत बसलेली माणसं उठली होती आणि पडलेल्या फाटकातून बाहेर पळत होती. काही पळाली नाहीत. ती त्या दांडग्या माणसावर तुटून पडली.

मी दोरी कापली. आण्णा माझ्या खांद्यावर आला आणि त्याला उलटी झाली. आधी काळपट, कॉफीच्या गाळासारखी. मग लाल. माझा शर्ट कमरेपर्यंत भिजला.

मिरजेला पोचायला अर्धा तास लागला. पुढची काच नव्हती, वारा डोळ्यांत जात होता. मागं हौद्यात पोत्यांवर आण्णा आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन वहिनी. ती त्याला सारखं एकच सांगत होती, "मी वास घेतला. न्हाई येत वास. ऐकलं का? न्हाई येत."

मिरजेच्या हॉस्पिटलात पोटाच्या डॉक्टर इनामदार मॅडम होत्या. त्यांनी रक्त चढवायला लावलं आणि लगेच तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट तपासलं. तासाभरानं त्या बाहेर आल्या.

"जठरात एक गाठ आहे," त्या म्हणाल्या. "सुपारीहून जरा मोठी. तिच्या टोकाला जखम आहे, तिथून रक्त येत होतं. ते आत्ता थांबवलंय. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवते." मग त्यांनी आमच्याकडं नीट बघितलं. "अंगावर हे कशाचे वळ आहेत?"

वहिनीनं सांगितलं. तिनं माझं नाव घेतलं नाही. केंद्रात मारलं म्हणाली. पोलिसांना कळवावं लागेल, असं मॅडम म्हणाल्या आणि निघाल्या. दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या. "दारूसाठी ठेवलं होतं? पण यांच्या यकृताच्या, रक्ताच्या तपासणीत दारूचं काहीच दिसत नाही मला."

"तोंड लाल होतं त्यांचं," वहिनी म्हणाली.

मॅडम परत येऊन आमच्या शेजारी बाकावर बसल्या. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. लाली कधी येते? सगळं तोंड एकसारखं लाल होतं की चट्टे चट्टे? खाज येते? पापण्या सुजतात? धाप लागते? परसाकडं किती वेळा जावं लागतं? वहिनी उत्तरं देत गेली. मॅडम लिहून घेत गेल्या. दोन वर्षांत हे प्रश्न आम्हाला कुणी विचारले नव्हते, आणि आम्ही आण्णाला विचारले नव्हते. तो न विचारता सांगत होता तेव्हा आम्ही त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

तुकड्याचा रिपोर्ट यायला आठवडा गेला. पहिल्या तपासणीनंतर पॅथॉलॉजीवाल्या डॉक्टरांनी आणखी खास रंग वापरून तो पुन्हा तपासला होता. मॅडम आण्णाच्या खाटेशी आल्या. मी पायथ्याशी उभा होतो.

"मगदूम, तुमच्या पोटातली गाठ नेहमीच्या कॅन्सरची नाही," त्या म्हणाल्या. "जठराच्या अस्तरात काही बारीक पेशी असतात. त्यांचं काम शरीराला रसायनांतून निरोप द्यायचं. त्या पेशींची ही गाठ आहे. फार क्वचित दिसते. माझ्या वीस वर्षांत तुमच्यासारखी ही दुसरी. ही गाठ रक्तात एक रसायन सोडते, त्यानं चट्टे उठतात, खाज येते, पापण्या सुजतात, धाप लागते. जेवलं की सुटतं, आणि माणूस घाबरला, चिडला, त्याला वेदना झाल्या, की आणखी सुटतं."

"म्हणजे मारलं की?" आण्णानं विचारलं.

"हो. मारलं की."

आण्णा छताकडं बघत हळूच म्हणाला, "ते तोंड लाल झालं म्हणून मारायचे, मॅडम. आन् मारलं की ते अजून लाल व्हायचं. मला वाटायचं, हे थांबायचं कसं?"

मी वॉर्डातून बाहेर गेलो आणि जिन्यात बसलो.

परत आलो तेव्हा आण्णा मॅडमना विचारत होता, "हे कागदावर लिहून देता का? मराठीत?" त्यांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. आण्णानं तो कागद वहिनीला वाचायला लावला. तिनं मोठ्यानं वाचला. शेजारच्या खाटांवरचे लोकही ऐकत होते. वाचून झाल्यावर आण्णा म्हणाला, "परत वाच." तिनं परत वाचला.

त्यानंतर मुंबईला नेऊन एक वेगळं स्कॅन केलं. या जातीची गाठ शरीरात कुठं कुठं आहे ते त्यात दिसतं. यकृताच्या कडेला एक छोटा दाणा निघाला. ऑपरेशनच्या आधी आणि ऑपरेशन चालू असताना आण्णाला एक खास औषध द्यावं लागलं, नाहीतर गाठीला हात लागला की ते रसायन एकदम सुटून माणूस टेबलावरच जाऊ शकतो. सहा तास लागले. बरंचसं जठर काढलं, भोवतालच्या लिम्फच्या गाठी काढल्या, यकृतातला तो दाणाही काढला.

केंद्राला पोलिसांनी सील ठोकलं. जगदाळेवर केस झाली. माझ्यावरही त्याच्या हाताची झाली, आणि मी सही केलेला तो छापील कागद माझ्यापुढं ठेवण्यात आला. मारहाणीला घरच्यांची हरकत नाही, असं त्यात सहाव्या ओळीत लिहिलं होतं. समताचं लग्न पुढच्या वर्षी कागलला झालं. बोलणी करताना आण्णानं मॅडमचा कागद आधी पुढं केला आणि मग मुलगी दाखवली. त्या घटनेला आता बारा वर्षं झाली. आण्णा आहे. थोडं थोडं, सहा वेळा जेवतो. दरवर्षी मी त्याला मिरजेला नेतो, कॅमेरा आत जातो आणि आतापर्यंत तरी रिकामा परत आला आहे.

पण ऑपरेशननंतर सहा-सात महिन्यांनी एक गोष्ट घडली, ती मी कुणाला सांगितलेली नाही.

आण्णा तेव्हा पुन्हा मळ्यात यायला लागला होता. अंगावर मांस नव्हतं, शर्ट हँगरला अडकवल्यासारखा दिसायचा. सकाळी आम्ही दोघं ढबू मिरची तोडत होतो. फोनवर मी काय बोललो होतो ते वहिनीनं त्याला सांगितलं नव्हतं. ते मीच त्याला हॉस्पिटलात सांगितलं होतं. तो नुसतं "हं" म्हणाला होता. माझ्याशी बोलत होता, जेवायला हाक मारत होता. मला ते सोसवत नव्हतं.

मी बुट्टी खाली ठेवली. "आण्णा, मोटारीच्या खोलीतली बाटली माझी होती."

तो तोडत राहिला. मग थांबला. "काय म्हणालास?"

"माझी होती. दोन वर्षं मी पीत होतो. मोटार चालू करायला जातो म्हणून यायचो आन् तिथंच बसायचो. वहिनीला बाटली सापडली तवा मी होतो तिथं. सगळी तुझ्याकडं बघाय लागली. मग मी पण तुझ्याकडंच बघितलं."

आण्णा सरळ झाला. आजूबाजूला बघितलं. बांधावर नुकताच तोडलेला ऊस पडला होता. त्यातला एक त्यानं उचलला, गुडघ्यावर मोडून हातभर केला आणि माझ्याकडं आला.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा तोंडावर, आणि पुढचा दात ओठातून बाहेर आला. मी हात वर केला तेव्हा करंगळी मोडली. मी मिरचीच्या सरीत पडलो. तो मारत होता, तोंडानं एक शब्द न काढता, पाठीवर, कमरेत, मांड्यांवर. ऊस फुटला तशी त्यानं लाथा घातल्या. ऑपरेशनचा माणूस, मला भीती वाटली की त्याचे टाके उकलतील. मी पळालो नाही. पळायला पाहिजे होतं असं आजही वाटत नाही.

मग मारायचं थांबलं. आण्णा सरीतच माझ्याशेजारी बसला. धापा टाकत होता. मोटारीचं पाणी पाटातून येऊन माझ्या पाठीखाली शिरत होतं.

"शीतल," तो म्हणाला.

"आं?"

"इकडं बघ. माझ्या तोंडाकडं बघ."

माझा एक डोळा सुजून बंद झाला होता. दुसऱ्यानं मी बघितलं.

"लाल झालंय?"

ऊन चांगलं वर आलं होतं. आण्णाचं तोंड घामानं डबडबलं होतं, गालांची हाडं वर आली होती, नाकाच्या शेंड्यावर माझ्या रक्ताचा एक थेंब होता. गळ्यावर एक चट्टा नव्हता. कातडी मातीच्या रंगाची होती, आमच्या वडिलांची होती तशी.

"न्हाई, आण्णा."

"नीट बघ."

"न्हाई. जरा बी न्हाई."

त्यानं दोन्ही तळव्यांनी आपले गाल चाचपले. पापण्या चाचपल्या. छातीवर हात ठेवून दोन-तीनदा खोल श्वास घेऊन बघितला. मग उठला, माझ्या बगलेत हात घातले आणि मला उभा केला.